सागरचे सात सेकंद

“काका, मेलेली माणसं तुमच्या कॉम्प्युटरात राहतात, हे खरं का?”

हा प्रश्न खरं तर हेमालीचा. पैज मात्र मी घेतली होती. नववीची परीक्षा संपलेली, आमच्या कोनगावच्या नाक्यावर उसाचा रस पीत आम्ही चौघी उभ्या, आणि हेमाली मला म्हणाली, मेघाली, तुझ्यात दम असेल तर त्या लग्नांच्या शूटिंगवाल्या केसरी व्हिडिओमध्ये जाऊन हे विचारून दाखव. जिंकले तर दहावीचं अख्खं वर्ष खिडकीजवळचा बाक माझा. दोन वर्षांपूर्वी मी हजेरीला इतकी हळू ‘हजर’ म्हणायचे, की बाई मला गैरहजर लावायच्या. मग शाळेच्या गॅदरिंगला मी निवेदन केलं, माईक हातात आला आणि माझ्या आत काहीतरी सुटलं ते सुटलंच. आता मी कुणालाही काहीही विचारू शकते.

केसरीनाथ काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. “राहत न्हाईत. येऊन जातात,” ते म्हणाले. “चप्पल काढून आत ये.”

बाकीच्या तिघी तिथूनच पळाल्या. मी चप्पल काढली.

दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. त्यामुळे आत कायम खटाखट, खटाखट. टेबलावरचा पेनसुद्धा हळूहळू सरकत कडेला येतो आणि पडतो. गावातल्या तीस वर्षांच्या लग्नांच्या कॅसेटी फळीवर रचलेल्या. काकांनी मला स्क्रीनवर एक हळद दाखवली. नवरी बसलीय, बायका हळद लावतायत, नवरी मान वर करून डावीकडे बघते. पुढच्या चित्रात मांडवाच्या खांबाला टेकून एक म्हातारा हसतोय. मग परत नवरी, डोळ्यांत पाणी.

“हा तिचा आजा,” काका म्हणाले. “हळदीच्या सहा वर्षं आधी वारला. दुसऱ्या लग्नाच्या कॅसेटमधून उचललाय.”

माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच मी विचारलं, मला शिकवाल का?

त्या सुट्टीत मी रोज दुपारी जायचे. काकांनी सुरुवात केली तेव्हा दोन व्हीसीआर जोडून एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवायचं. दहाव्या मिनिटाला चूक कळली, की तिथून पुढचं सगळं पुन्हा. आणि प्रत्येक कॉपीला रंग थोडा उडायचा. कॉपीच्या कॉपीत नवरीचं तोंड इतकं पांढरं पडायचं, की तिची आईसुद्धा ओळखायची नाही. मग कॉम्प्युटर आला. तासाची टेप आत ओढायला तासच लागायचा, काका समोर बसून झोपायचे. आता कार्ड घातलं की दोन मिनिटांत सगळं आत, आणि हजारावी कॉपीही पहिल्याइतकीच टवटवीत. “पहिल्यांदा मेलेली माणसं फिकी दिसायची, म्हणून कळायचं तरी,” काका म्हणाले. “आता कळत न्हाय.”

मला सगळ्यात भारी वाटली ती एक गोष्ट: कॉम्प्युटरमध्ये कापलेलं कापलं जातच नाही. तुम्ही तुकडे करता, मागेपुढे लावता, पण मूळ फाईल जशीच्या तशी पडून असते. तुम्ही नुसतं सांगून ठेवता, की इथून इथपर्यंत दाखव आणि मग तिकडे उडी मार. म्हणजे लग्न तेच, त्यातून वाट काढणारे आपण.

बाकीचे नियम काकांनी बोलता बोलता दिले. बघणारा नजरेच्या मागे जातो, म्हणून आधी कोणीतरी बघायला हवं, मग काय बघितलं ते दाखवायचं. हात उचलला जात असतानाच काप, म्हणजे सांधा दिसत नाही. पुढचा आवाज थोडा आधी आण, चित्र मागून येऊ दे. आवाज कानांनी काप, डोळ्यांनी नको, स्क्रीनवरच्या उंचसखल रेघा बघून फसू नको. आणि गेलेल्या माणसांसाठी दोन वेगळे नियम. त्याने कॅमेऱ्यात बघायचं नाही. आणि दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही.

मी विचारलं, का?

“दोन सेकंदात माणूस आठवतो,” काका म्हणाले. “जास्त ठेवलास तर लोक त्याला जेवायला वाढतात.”

मी हसले. काका हसले नाहीत.

मे महिन्यात शेजारच्या आळीतल्या मनालीची हळद झाली. मनाली म्हणजे रंगूबाईंची मुलगी. रंगूबाई आमच्या पट्ट्यातली धवलारीण. आमच्याकडे लग्नाला भटजी येवो न येवो, धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय बायका लग्न लागलं असं धरत नाहीत. नवरानवरीचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव घेऊन ती देवांना बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांनाही बोलावते. तिने गायलं, म्हणजे झालं. रंगूबाईंचा नवरा आधीच वारलेला, आणि एकुलता मुलगा सागर दोन वर्षांपूर्वी कशेळीच्या पुलाजवळ बाईकच्या अपघातात गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्यानंतर रंगूबाई लग्नांत गायच्या, पण घरी एक शब्द बोलायच्या नाहीत. हळदीचं शूटिंग काकांचं होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून त्यांनी जुना लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. म्हणाले, मनालीची हळद तू बांध, तिच्या आईने सागरला बसवायला सांगितलंय.

सागर मिळाला तो त्याच्या चुलतभावाच्या हळदीत. तोच मांडव घालणारा, तसेच पिवळे पडदे, तसाच खांब. तो खांबाला हात लावून उभा, आधी बाजूला बघतो, मग वळून सरळ कॅमेऱ्यात बघतो आणि ओठ न उघडता हसतो. पूर्ण सात सेकंद.

मग मी मनालीच्या हळदीत नजर शोधायला लागले. साधारणपणे याला वेळ लागतो, माणसं नको तिकडे बघत असतात. इथे मला शोधावंच लागलं नाही. मनाली मान वर करून खांबाकडे बघते. खांबाजवळ कोणी नाही. तिची मावशी हळद लावता लावता थांबते आणि खांबाकडे बघते. बेंजोवाला बघतो. दोन लहान मुली नाचता नाचता त्या जागेला वळसा घालून जातात, जशा माणसाला घालाव्यात. दुसऱ्या कॅमेऱ्यातही तेच. एवढ्या गर्दीत, जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, खांबाजवळची एक माणसाएवढी जागा मोकळी होती.

मी काकांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले की खांबाला फॅन बांधला असेल, वारा सोसवत नसेल, म्हणून सरकली असतील माणसं. फॅन दिसत नव्हता. काकांनी पुढे बजावलं, “दोनच सेकंद हां.”

मी सात ठेवले. त्याने कॅमेऱ्यात बघितलेलंही ठेवलं. इतकं चपखल बसत होतं की कापायला हात धजेना, खरं सांगते. आणि मला ते माझ्या नावाने गावात दिसायला हवं होतं.

दिसलं. गावाच्या ग्रुपवर तो तुकडा फिरला. बाया मला थांबवून गाल कुस्करायच्या. हेमालीने तर बाक न मागता दिला. काकांनी तो मोबाईलवर बघितला, सेकंद मोजल्यासारखे ओठ हलवले आणि मोबाईल मला परत दिला. चार दिवस त्यांनी मला काहीही शिकवलं नाही.

रंगूबाई बोलायला लागल्या होत्या. आईने आणखी एक गोष्ट सांगितली. मनाली सासरी गणेशपुरीकडे गेल्यावर घरात त्या एकट्या, तरी भात दोघांचा. आई म्हणाली, बरं वाटलं असेल बिचारीला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एक दिवस शाळेतून येताना रंगूबाई वाटेत उभ्या. आधी त्या काकांकडे जाऊन आलेल्या आणि काकांनी नाही म्हणून सांगितलेलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता.

“गो पोरी, तू माजा सागर आणलास,” त्या म्हणाल्या. “आता त्याची हलद करून दे मना. एवढीच. मी मेले की मंग कोन करील?”

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. तेव्हा मी मनातल्या मनात शॉट मोजत होते. चुलतभावाच्या हळदीत बायकांनी सागरच्याही गालाला हळद फासलेली होती, ते आहे. बसलेला आहे. पाटावरचा नवरा म्हणजे चुलतभाऊ, पण तो पाठमोरा दाखवला तर चालेल. फक्त नवरी नव्हती. नवरीचे नुसते हात दाखवले तरी भागतं. बघणारा हातांना स्वतःच तोंड लावून घेतो, हे मला काकांनीच शिकवलेलं. मी म्हटलं, हो, करते की.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी मी मोबाईल स्टँडवर लावला आणि माझेच हात वापरले. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर काकांना कळलं असतं. रंगूबाईंनी माझ्या हातांत हिरवा चुडा भरला, हळद लावली, हळूहळू, प्रत्येक बोटाला वेगळी. मी म्हणत होते, मावशी पटकन, उजेड जातोय. त्यांनी मध्येच विचारलं की तुझ्या बाबाचं नाव धनेश ना, आणि आईचं माहेर कुठचं. गप्पा मारतात तसं. मी सांगितलं. खोलीत दोन ताटं मांडलेली होती. एकावर झाकण होतं. मी ती फ्रेमच्या बाहेर सरकवली.

गाणं मी त्यांना नंतर मोबाईलवर गाऊन पाठवायला सांगितलं. आवाज स्वच्छ यावा म्हणून. बुधवारी आलं, अकरा मिनिटांचं. काका शूटिंगला गेले होते, मी दुकानात एकटी, आणि मागे लूम असे चालू होते की हेडफोनमध्येही खटाखटच. मी ते ऐकलं नाही. रेघा बघितल्या. रेघ उंच झाली की ओळ, सपाट झाली की श्वास. श्वासांवर कापलं, काही ओळींवर सागर बसवला, काहींवर माझे हात. एका मिनिटाचा तुकडा इतका सुंदर झाला की मी स्वतः तीनदा बघितला. गुरुवारी रंगूबाईंना पाठवून दिला. त्यांचं उत्तर आलं नाही, नुसत्या दोन निळ्या खुणा आल्या.

शुक्रवारी लूम बंद असतात. शुक्रवारी दुपारी त्या खोलीत इतकं शांत असतं की स्वतःचा श्वास दुसऱ्याचा वाटतो. मी हेडफोन लावला आणि सहज तो तुकडा लावला.

रंगूबाईंचा आवाज खालच्या पट्टीत, सावकाश. गावदेवीला बोलावलं. नदीला बोलावलं. नवऱ्याचं नाव घेतलं, सागर. त्याच्या बापाचं घेतलं. मग नवरीचं.

मेघाली. धनेशची लेक मेघाली, कोनगावची.

मी थांबवलं. परत मागे घेतलं. परत तेच. माझ्या आईचं माहेरही होतं त्यात. स्क्रीनवर त्या ओळीच्या बरोबर खाली माझे पिवळे हात होते. ते मीच ठेवले होते, तिथेच, एका फ्रेमचाही फरक न करता. सेकंदाच्या पंचवीस चित्रांतलं एक इकडेतिकडे झालं असतं तरी एवढं चपखल जुळलं नसतं.

धवल्यात एक बाई गाते आणि बाकीच्या बायका ओळ झेलतात, म्हणजे तिच्यामागून म्हणतात. त्या एकट्या गात होत्या, तरी प्रत्येक ओळीनंतर थांबत होत्या, कुणीतरी झेलेपर्यंत. मी ज्यांना श्वास समजले होते त्या जागा. मी रेघ मोठी करून बघितली. ती सपाट नव्हती. तिथे छोटासा उंचवटा होता, प्रत्येक थांब्यात, सारखाच. आवाज वाढवला. काहीतरी जाड, घशातल्या घशात, पुरुषाने ओठ मिटून हुंकार द्यावा तसं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला तरी तो तिथून बारीक ऐकू येत होता.

काका आले तेव्हा मी तशीच बसलेली. मी सगळं सांगितलं. त्यांनी हेडफोन लावला, पूर्ण एक मिनिट ऐकलं, आणि उंचवट्यांबद्दल म्हणाले की तो मोबाईलचा आवाज, सस्ते मोबाईल शांततेतही गुणगुणतात. पण हे बोलताना त्यांनी मला परत ऐकू दिलं नाही.

“पुसून टाक,” ते म्हणाले. “सगळं. तुझे हात, तिचा आवाज, सगळं.”

मी बोट ठेवलंसुद्धा त्या बटणावर. मग डोक्यात आलं, पुसलं तर काय राहील? रंगूबाईंच्या मोबाईलमधलं एक मिनिट राहील. ज्यात सांधा दिसत नाही. आणि तो सांधा कुठे आहे ते दाखवणारी एकच जागा, हा लॅपटॉप, मी रिकामी केलेली असेल. त्यांनी गायलेलं तर मागे घेणारं बटणच नाही. मी बोट काढलं. काकांना म्हटलं, हे आजचा दिवस तसंच राहू दे, लॅपटॉप मी घरी नेते. त्यांनी चष्मा पुसला आणि वायर गुंडाळून माझ्या हातात दिली.

घरी पोचले तर दारात रंगूबाईंच्या चपला.

त्या आमच्या पलंगावर बसल्या होत्या, पदर डोक्यावरून. समोर नारळ, हिरवा खण, तांदूळ. आई चहाचा कप हातात घेऊन उभी, तोंडावर काही कळत नसल्याचं हसू. बाबा कशेळीच्या गोडाऊनवरची ड्युटी संपवून नुकतेच आलेले, गळ्यात अजून गेटपास.

“घाबरू नको गो,” रंगूबाई मला म्हणाल्या, अगदी मायेने. “मी न्ह्यायला न्हाय आयले. तू शिक, दहावी हो. तो काय घाईत न्हाय. काल रातच्याला बोल्ला मना, आये, तिला शिकू दे.”

आईने कप खाली ठेवला. रंगूबाईंनी माझी ओटी भरायला हात पुढे केला. मी मागे सरले. त्यांनी राग मानला नाही. सगळं तिथेच पलंगावर नीट मांडलं, दारात थांबून बाजूला बघितलं, कुणालातरी आधी बाहेर पडू द्यावं तसं, आणि गेल्या.

मग आमच्या घरात जे झालं ते मी थोडक्यात लिहिते. मी सांगितलं, पहिल्यापासून. बाबांनी आधी मला झापलं, मग केसरीनाथ काकांवर आणि रंगूबाईंवर तोंड सोडलं. म्हणाले, उद्यापासून स्टुडिओ बंद, त्या आळीने जायचं नाही, मोबाईल कपाटात, आणि त्या बाईने परत उंबऱ्यावर पाय ठेवला तर पोलीस. आईने मीठमोहरी काढून माझ्यावरून उतरवली, तीनदा. ती म्हणाली, तिच्या माहेरच्या गावी एक भगत आहे, रविवारी मला घेऊन जाऊ, नाव सोडवून आणू. दोघं एकमेकांशी भांडले. आई म्हणाली, तुम्हाला यातलं काय कळतं, धवलारणीच्या तोंडून गेलंय पोरीचं नाव. बाबा म्हणाले, मोबाईलवर गायलेलं कधी लग्न असतं का. खरं तर दोघांनाही खात्री नव्हती.

मी पलंगावरच्या तांदळांकडे बघत होते. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्यापेक्षा जास्त मला रंगूबाईंचा हात आठवत होता, एकेका बोटाला वेगळी हळद लावणारा. त्यांना मी काय दिलं होतं? दोन सेकंदांच्या जागी सात. बाबा म्हणतात तसं केलं तर रंगूबाई त्या मोबाईलसमोर एकट्या राहणार, दोन ताटं मांडून, आयुष्यभर. आईचा भगत माझं नाव सोडवेल. सागरला कोण सोडवणार?

मी लॅपटॉप उघडला आणि त्या दोघांच्या मध्ये, तांदळांच्या शेजारी ठेवला. तुकड्यांची पट्टी दिसत होती, वर सागर, खाली माझे हात, त्याच्याखाली रंगूबाईंचा आवाज.

“आई, बाबा, ऐका. मी भगताकडे येणार नाही,” मी म्हटलं. “आणि लपूनही बसणार नाही. उद्या शाळेतून आले की मी हे घेऊन रंगू मावशींकडे जाणार. हा सागर कुठल्या हळदीतला, हे हात कुणाचे, मी कुठे कापलं आणि कुठे जोडलं, एकेक सुटं करून दाखवणार. आवाज बंद करून दाखवणार, मग नुसता आवाज ऐकवणार. त्या थांबवतील तिथे थांबणार, रडतील तर बसून राहणार. शेवटी त्यांना सांगणार, माझं नाव तुम्हीच तुमच्या तोंडाने परत घ्या. तुमच्यातलं कुणी सोबत येणार असेल तर या. नाहीतर मी एकटी जाणार आहे.”